डावीकडचा ब्रेक

“मास्तर, तिला एकदा बसू तर द्या. मग नको म्हणा,” आमच्या गल्लीतला विकीदादा म्हणाला आणि त्यानं लाल गाडीचं दार माझ्यासाठी उघडलं.

मी पप्पांकडे बघितलं. ते हात मागे बांधून गाडीभोवती फिरत होते. एकदा वाकून त्यांनी टायरवरून अंगठा फिरवला, एकदा मागच्या स्पॉयलरवर बोटानं टकटक केलं.

“हा पंख कशाला?” त्यांनी विचारलं.

“गाडी जमिनीला धरून राहते मास्तर.”

“आणि पंख नसला तर उडती?”

विकीदादा हसला. मी हसले नाही. मी स्टिअरिंगवर हात ठेवला होता आणि मला बाकी काही ऐकू येत नव्हतं.

आठ वर्षं जुनी गाडी होती ती, पण अशी लाल की उन्हात बघवत नव्हती. काळी मॅग व्हील. बुटकी करून घेतलेली, आत बसलं की रस्ता अगदी बुडाखाली आल्यासारखा वाटायचा. सीट रेसच्या गाडीसारख्या, दोन्ही बाजूंनी उंच कडांच्या. आणि मागची सायलेन्सरची पुंगळी अशी, की विकीदादानं गाडी सुरू केली की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. त्याला दुबईला नोकरी लागली होती. पंधरा दिवसांत जायचं होतं, त्याआधी गाडी विकायची होती.

पप्पांनी मला शब्द दिला होता. “बारावीला पंच्याऐंशीच्या वर टक्के पाड. तू बोट दाखवशील ती जुनी गाडी घेऊन देतो.” मे महिन्याच्या शेवटी निकाल लागला. शहाऐंशी. त्यांना वाटलं असणार, मुलगी एखादी शहाण्यासारखी पांढरी, पेट्रोल कमी पिणारी गाडी दाखवेल. मी बोट दाखवलं ते हिच्यावर.

का, ते सांगायला हवं. माझे पप्पा दिनकर साबळे. साताऱ्यात साबळे मोटार ड्रायव्हिंग स्कूल. मी पहिलीपासून शाळेत गेले ती पुढं-मागं लाल ‘एल’ लावलेल्या, छतावर पाटी असलेल्या गाडीतून. पुष्कळदा गाडी एखादा शिकाऊ माणूसच चालवत असायचा आणि आम्ही आचके खात खात शाळेच्या फाटकात शिरायचो. वर्गात माझं नाव तेजल नव्हतं. एल-बोर्ड होतं. “एल-बोर्ड, डबा आणलास का?” “ए एल-बोर्ड, सरक.” कॉलेजात गेल्यावरही ते नाव माझ्या मागोमाग आलं. त्या लाल गाडीतून उतरणाऱ्या मुलीला एल-बोर्ड म्हणायची कुणाची छाती झाली नसती, एवढं साधं माझं गणित होतं.

“चालवून बघू दे तिला,” शेवटी पप्पा म्हणाले. “रविवारी. सकाळी. घाटात.”

“घाटात?” विकीदादाचं तोंड जरा उतरलं.

“गाडी घाटात कळते. आणि ड्रायव्हरपण.”

*

पप्पांचा घाट म्हणजे यवतेश्वरचा. गावातून निघालं की समर्थ मंदिराच्या पुढं लगेच चढ सुरू होतो. त्यांच्याकडचा कोर्स एकवीस दिवसांचा असायचा. वीस दिवस ते डावीकडच्या सीटवर पाय खाली ठेवून बसायचे, कारण ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला डावीकडंही क्लच आणि ब्रेक असतो; शिकणारा चुकला तर मास्तर गाडी थांबवतो. एकविसाव्या दिवशी मात्र पप्पा घाटाच्या पायथ्याशी चपला काढायचे, दोन्ही पाय वर घ्यायचे, सीटवर चक्क मांडी घालायचे आणि म्हणायचे, “चल. आता गाडी तुझी. मी पाहुणा.”

मग तो माणूस घाट चढायचा आणि उतरायचा. झालं. शिकला.

आमच्या गावात कुणी लायसन्स निघालं का असं विचारायचं नाही. “मास्तरांनी मांडी घातली का?” असं विचारायचं. लग्नाच्या बोलणीत सांगितलेलंही मी ऐकलंय, मुलगा चांगली गाडी चालवतो, साबळे मास्तरांनी मांडी घातलेली आहे.

मला त्यांनी एप्रिलमध्ये शिकवायला घेतलं. एकविसावा दिवस आला आणि गेला. पंचविसावा गेला. तिसावा गेला.

“पप्पा, मांडी?”

“घरच्या माणसाला कसली मांडी,” ते म्हणाले.

मला ते पटलं. लायसन्सची ट्रायल मी पहिल्या फटक्यात पास झाले. मैदानात पहिल्या गिअरवर आठचा आकडा काढायचा, थोडं मागं यायचं, संपलं. शिवाय पप्पाच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “आमच्या तेजूचा पाय फार हलका आहे. गाडी थांबलेली कळत नाही.” खरंच कळायची नाही. पोवई नाक्यावर सिग्नलला आमची गाडी लोण्यासारखी थांबायची.

*

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. मी स्टिअरिंगवर, डावीकडं पप्पा, मागं विकीदादा, दोन सीटच्या मधून मुंडकं घालून.

चढ म्हणजे नुसता आनंद होता. स्कूलच्या गाडीला जिथं दुसऱ्या गिअरवर धाप लागायची, तिथं ही गुरगुरत वर जात होती. मॉर्निंग वॉकवाले वळून बघत होते. मी आरशात विकीदादाकडं बघितलं, त्यानं भुवया उडवल्या. पप्पा नुसते पुढचं वळण बघत होते. वर देवळापाशी गाडी वळवली तेव्हा म्हणाले, “ज्या गिअरला चढलीस—”

“त्याच गिअरला उतरायचं. माहितेय पप्पा.”

माहीत होतं. तरी मी तिसरा टाकला. पुंगळीचा आवाज तिसऱ्यावर जास्त छान यायचा.

पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्या वळणाला मी ब्रेकवर पाय ठेवला. रोज ठेवायचे तसाच, हलका. गाडी हळू झाली नाही. म्हणजे थोडी झाली, पण मला जशी सवय होती तशी नाही. माझ्या डावीकडं कसला तरी आवाज सुरू झाला. थप. थप. थप. कुणी ओलं कापड आपटावं तसा. समोरून कठडा येत होता आणि कठड्याला टेकून दोन आजोबा उभे होते, एकानं काठी पुढं धरली होती, जणू काठीनं गाडी अडवणार.

मग मी दोन्ही पाय ब्रेकवर टाकले. गाडी गचका खाऊन बंद पडली. बॉनेट आणि कठडा यांच्यात एक वीत अंतर होतं. कठड्यापलीकडं खाली सगळा सातारा पसरला होता, शांत, जणू काही झालंच नव्हतं.

“मास्तर!” विकीदादा मागून ओरडला. “मास्तर, तिथं ब्रेक नाही!”

मी वळून बघितलं. पप्पांचा उजवा पाय समोरच्या मॅटवर गच्च दाबलेला होता. गाडी थांबली होती तरी ते दाबतच होते. चपलेचा अंगठा तुटला होता आणि चप्पल वाकडी होऊन घोट्यापाशी आली होती.

काठीवाले आजोबा खिडकीशी आले. वाकून बघितलं. “कोण, साबळे मास्तर? आवो, गाडी कोण चालवतंय?”

“माझी मुलगी,” पप्पा म्हणाले.

“असं होय. बरं बरं,” आजोबा म्हणाले आणि दुसऱ्या आजोबांकडं बघून गप्प झाले. ते गप्प होणं मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

“पप्पा, हिचा ब्रेकच लागत नाही,” मी म्हणाले.

पप्पांनी खाली वाकून चप्पल काढली. तुटलेला अंगठा बोटांत धरून बघत बसले.

“लूज आहे ब्रेक,” ते म्हणाले.

“लूज?” विकीदादा म्हणाला. “मास्तर, मागच्या महिन्यात चारी चाकांचं काम केलंय. बिल दाखवू का?”

“लूज आहे म्हटलं ना.”

खाली विकीदादानं गाडी आणली. मी मागं बसले. तो प्रत्येक वळणाला ब्रेक दाबत होता आणि गाडी प्रत्येक वळणाला थांबत होती. मला ते दिसत होतं. पप्पा खिडकीतून बाहेर बघत होते, तुटकी चप्पल मांडीवर घेऊन.

*

घरी आल्यावर मी भांडले. ब्रेक दुरुस्त होतो, म्हणाले. तुम्हाला गाडी घेऊनच द्यायची नव्हती, म्हणाले. शब्द दिलेला माणूस असा बहाणा शोधत नाही, असंही म्हणाले, आणि हे म्हटल्यावर स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज एकदम थांबला.

पप्पा म्हणाले, “लूज ब्रेकची गाडी घेत नसतात.” आणि नऊच्या बॅचला निघून गेले. नंतर सोमवार गेला, मंगळवार गेला. मी त्यांच्याशी “जेवायला वाढलंय” याच्या पुढं बोलत नव्हते.

बुधवारी अकराच्या सुमारास विकीदादा आला. पप्पा क्लासला होते. तो आत आला नाही, दारातच उभा राहिला.

“तेजू, मास्तरांना सांग, कोरेगावचं गिऱ्हाईक फिरलं.”

“का?”

“त्यांनी विचारलं, साबळे मास्तरांना दाखवलीवती का गाडी? मी काय खोटं बोलू? म्हटलं दाखवलीवती. मग म्हणाले, त्यांनी का न्हाई घेतली? सांगितलं, मास्तर म्हणाले ब्रेक लूज आहे. झालं. फोन बंद.” त्यानं मान हलवली. “दोन मेकॅनिकला दाखवली गं. दोघंबी म्हणतात, ब्रेक एक नंबर. पण गावात मास्तरांच्या शब्दापुढं मेकॅनिकला कोण विचारतो?”

“विकी, बस की. चहा घे,” मम्मी आतून म्हणाली.

“नको काकू.” तो जायला वळला आणि थांबला. “माझीपण मांडी त्यांनीच घातलीवती. सतरा वेळा गाडी बंद पाडलीवती मी एका दिवसात. एकदाबी आवाज चढवला न्हाई. म्हणून तर वाईट वाटलं.”

तो गेला. मम्मी भुईवर मेथीची जुडी पसरून बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि उगाच दोन काड्या खुडल्या.

“ब्रेक लूज नव्हता,” मम्मी म्हणाली.

“तुला काय माहीत? तू होतीस का तिथं?”

“चप्पल बघितली.”

ती पानं खुडत राहिली.

“मलापण शिकवलंय त्यांनी गाडी. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हा तुझी आजी म्हणायची, बाईमाणसानं कशाला. तर हे म्हणाले, गावाला शिकवतो, बायकोला न्हाई शिकवणार? दोन महिने शिकवलं.”

“मग तू चालवत का नाहीस?”

“मी ब्रेकवर पाय ठेवायच्या आत गाडी थांबलेली असायची. मला वाटायचं, बाई बाई, आपण किती हुशार! नुसतं मनात आणलं की गाडी थांबते. लोण्यासारखी.” तिनं माझ्याकडं बघितलं. “एक दिवस खाली बघितलं. त्यांचा पाय. माझ्या आधी. मग आठवून बघितलं, तर रोजचंच होतं. त्या दिवशी किल्ली खुंटीला लावली ती लावलीच.”

“मांडी?”

“कसली मांडी. वीस वर्षं झाली. अजून वाट बघतीय.” ती हसली, पण नुसतं तोंडानं.

“तू त्यांना काही म्हणाली नाहीस?”

“काय म्हणायचं? दुसऱ्या कुणासाठी घाबरत न्हाईत ते. आपल्यासाठी घाबरतात. त्याचा राग कसा धरायचा?” तिनं जुडीची दोरी मुठीत गोळा केली. “पण त्यात माझी गाडी राहिली, हेपण खरं. तू किल्ली खुंटीला लावू नको.”

मी तिथंच बसून एप्रिल-मे सगळा आठवत राहिले. पोवई नाका. राजवाड्यापुढची गर्दी. मध्येच आडवी आलेली म्हैस. लोण्यासारखं थांबणं. त्यातलं एकही थांबणं माझं नव्हतं.

*

पप्पा दुपारी जेवून तासभर पडायचे. पाचच्या बॅचआधी उठून चहा घ्यायचे. स्कूलची गाडी समोर निंबाखाली उभी असायची. डावीकडचा ब्रेक कसा काढतात ते मला माहीत होतं. दर दोन-तीन महिन्यांनी ते पेडल काढून ग्रीस लावायचे तेव्हा बॅटरी धरायचं काम माझं असायचं. दोन नट. मी पाना घेऊन गाडीत आडवी झाले. एक नट सहज निघाला, दुसऱ्यानं अर्धा तास खाल्ला आणि बोटाचं कातडंही.

चार वाजता पप्पांनी चहाचा कप उचलला तेव्हा बशीशेजारी वर्तमानपत्रावर ते पेडल ठेवलेलं होतं.

“हे काय?”

“तुमचा ब्रेक.”

मम्मी ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिनं गॅस बारीक केला.

पप्पांनी कप खाली ठेवला. पेडल उचललं, उलटं-सुलटं केलं. त्याच्यावरचं रबर पार गुळगुळीत झालं होतं, मधे तर आतलं लोखंड चमकत होतं. त्यांनी तिथं अंगठा फिरवला, विकीदादाच्या टायरवर फिरवला होता तसाच.

“मार्चमध्ये नवं घातलं होतं हे,” ते म्हणाले.

मी एप्रिलमध्ये शिकायला बसले होते.

“एरवी वर्षभर जातं,” ते म्हणाले. मग बरंच काही बोलायचं असल्यासारखा श्वास घेतला आणि एवढंच म्हणाले, “विकीच्या गाडीचा ब्रेक चांगला आहे.”

“माहितेय.”

“अठ्ठावीस वर्षं शिकवतोय तेजू. परक्या माणसाच्या वेळी पाय कधी आधी गेला नाही. वेळेला गेला. कितीतरी वेळा गेलासुद्धा नाही, तोंडानं सांगून भागलं. पण तू बसलीस की त्याला वळण यायच्या आधीच वळण दिसायचं. मी सांगायचो त्याला, थांब, तिला दाबू दे. ऐकायचा नाही.” ते पायाकडं असे बघत होते, जणू तो कुणा दुसऱ्याचा होता.

“मग तिथं लूज का म्हणालात?”

“तुझं तोंड बघवंना. वाटलं, पोरीचं नाव खराब होण्यापेक्षा गाडीचं झालेलं बरं.”

“विकीदादाचं गिऱ्हाईक गेलं पप्पा. कोरेगावचं.”

हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं, विकीदादा जे बोलला ते सगळं, सतरा वेळा गाडी बंद पाडल्याचंसुद्धा. त्यांनी चहा तसाच ठेवला. शर्ट घातला. शिवून आणलेली चप्पल पायात घातली आणि मला म्हणाले, “चल.”

विकीदादाच्या घरी ओट्यावर उभं राहूनच त्यांनी कोरेगावच्या माणसाला फोन लावायला सांगितलं. विकीदादा नको नको म्हणत होता. पप्पांनी फोन कानाला लावला.

“मी साबळे मास्तर बोलतोय, साताऱ्याहून. तुम्ही विकीच्या गाडीचं ऐकलंय ते चुकीचं आहे. ब्रेक चांगला आहे... नाही, मीच म्हणालो होतो. चुकून नाही. खोटं म्हणालो होतो. गाडी माझी मुलगी चालवत होती आणि मी तिला नीट शिकवलं नव्हतं. दोष गाडीचा नाही, माझ्या शिकवण्याचा आहे... हो, साबळे ड्रायव्हिंग स्कूल. तेच.”

त्यांनी फोन परत दिला. विकीदादाची आई दारात येऊन उभी राहिली होती, शेजारचे गॅलरीत आले होते. अठ्ठावीस वर्षांत मिळवलेलं नाव त्यांनी असं चार माणसांसमोर ओट्यावर काढून ठेवलं. मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं, आणि त्यांचा हात धरावासाही वाटत होता. मी हात धरला.

विकीदादा डोकं खाजवत म्हणाला, “मास्तर, आता ते घ्यायला येतील. पण पहिलं बोट तेजूनं दाखवलंय. रविवारपर्यंत मी त्यांना हो म्हणत न्हाई.”

*

गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी पहाटे आम्ही स्कूलची गाडी काढली. माझ्या वेळी डावीकडचा ब्रेक निघायचा, पप्पांच्या बॅचला परत बसायचा. रोज दोनदा नट. काढल्यावर आणि लावल्यावर ते उजवीकडचा ब्रेक स्वतः दाबून बघायचे, मगच मला बसू द्यायचे.

ब्रेक किती जड असतो ते मला तेव्हा कळलं. गुरुवारी मी पोवई नाक्यावर गाडी झेब्रा पट्ट्यांच्या मधोमध उभी केली आणि एक बाई पिशवीसकट माझ्या बॉनेटला वळसा घालून, मला ऐकू येईल अशा बेतानं बोलत गेली. शुक्रवारी इतका जोरात दाबला की पप्पांचा चष्मा डॅशबोर्डवर पडला. ते रागावले नाहीत. ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे आणि मोठमोठ्यानं श्वास घ्यायचे. मधेच म्हणायचे, “आधी बघ. मग दाब.” मग स्वतःलाच म्हणायचे, “तू नाही रे. ती.”

शनिवारी परत येताना गल्लीच्या तोंडाशी एक कुत्रं झोपलेलं होतं. मी लांबून बघितलं, गिअर उतरवला, ब्रेकवर पाय ठेवला. गाडी कुत्र्याच्या आधी चार हात थांबली. लोण्यासारखी नाही, पण थांबली. कुत्र्यानं डोळा उघडून बघितलं आणि परत मिटला.

पप्पा म्हणाले, “उद्या घाट.”

*

रविवारी विकीदादा बरोबर आला नाही. समर्थ मंदिरापाशी चहाच्या टपरीवर थांबला. “तुम्ही दोघं जावा,” म्हणाला.

लाल गाडी तशीच गुरगुरत वर गेली. देवळापाशी मी ती वळवली आणि थांबवली. पप्पांनी चपला काढल्या. मी समोर बघत बसले. मला वाटत होतं, बघितलं तर ते थांबतील.

डावा पाय वर आला. मग उजवा उचलला, तो काही येईना. त्या रेसच्या सीटच्या कडा दोन्ही बाजूंनी उंच, मधे जागा एवढीशी आणि पप्पांचं पोट. त्यांनी गुडघा इकडून घातला, तिकडून घातला. गुडघा गिअरला लागला. मग डॅशबोर्डला लागला.

“ही कसली सीट? माणसाला बसवायची का बांधून ठेवायची?”

मला हसू आवरेना. तेही हसायला लागले, घाम पुसत. परत एकदा पाय उचलून बघितला.

“राहू दे पप्पा. एक पाय असू दे खाली.”

“मग ती मांडी होत नाही.”

“अर्धी झाली की.”

त्यांनी जरा विचार केला. डावा पाय सीटवर नीट ओढून घेतला, उजवा खाली मॅटवर ठेवला.

“चल,” ते म्हणाले. “आता गाडी तुझी. मी अर्धा पाहुणा.”

मी दुसरा गिअर टाकला. पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्याला मी लांबूनच कठडा बघितला, आणि पाय ठेवला. माझा पाय, माझ्या वजनाचा. डावीकडून आवाज आला. थप. एकदाच. मी तिकडं बघितलं नाही. गाडी हळू झाली, वळली, पुढं निघाली. कठड्यापाशी आजोबा होतेच. या वेळी त्यांनी काठी वर केली, सलाम केल्यासारखी, आणि पप्पांनी खिडकीतून हात बाहेर काढला.

खाली पोचलो तर विकीदादा चहाचा ग्लास हातात घेऊन रस्त्याच्या मधे उभा. खिडकीतून वाकून त्यानं पप्पांकडं बघितलं.

“मास्तर, मांडी?”

“घातली,” पप्पा म्हणाले.

त्यांचा एक पाय अजून खालीच होता. विकीदादाला तो दिसला असणार. त्यानं चहाचा ग्लास वर केला आणि रस्त्यातून बाजूला झाला.

*

गाडी घेतली. पहिल्याच आठवड्यात पप्पांनी पुंगळी बदलून टाकली. कुत्री निवांत झोपायला लागली. कॉलेजात मला कुणी एल-बोर्ड म्हणालं की नाही, ते आता आठवत नाही. आठवतं ते वेगळं. त्याच वर्षी दिवाळीनंतर मम्मीला त्या गाडीत मी शिकवलं. डावीकडं मी, मागं पप्पा, समोरच्या सीटला घट्ट धरून, तोंडात बडीशेप. एकविसाव्या दिवशी यवतेश्वरच्या पायथ्याशी मी चपला काढल्या. मी तेव्हा बारीक होते, त्या सीटवर माझी मांडी पूर्ण बसायची. “चल मम्मी,” मी म्हणाले, “आता गाडी तुझी.” तिनं आधी पदर खोचला, मग आरशात मागं पप्पांकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती.

परवा पप्पा पुण्याला आमच्याकडं आले होते. माझी लेक रुंजी आता तीन वर्षांची आहे. तिला तिचे बाबा तीनचाकी सायकल घेऊन आलेत, लाल रंगाची. आमच्या सोसायटीत पार्किंगकडं जाणारा एक लहानसा उतार आहे. ती वर जाऊन उभी राहिली, आम्ही खाली कट्ट्यावर बसलो होतो. “आज्जोबा, बघा हं!” ती ओरडली आणि दोन्ही पाय वर घेऊन सुटली.

“तिथं ब्रेक नाही, तेजू,” पप्पा हळूच म्हणाले.

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय फरशीवर गच्च दाबलेला होता.

त्याच्या शेजारी त्यांचाही.